सात नंबरचं गॅरेज

ग्दिनियात, इमारतीमागच्या पत्र्याच्या गॅरेजांपैकी
सातवं माझं.
त्याच्या तोंडाशी वालेन्तींची पिस्ता रंगाची गाडी,
नोव्हेंबरपासून.

वायपरखाली चिठ्ठ्या ठेवल्या.
पहिलीत ‘कृपया’ होतं.
चौथीत नुसताच कलमाचा आकडा.
जिन्यात भेटले की ते
माझ्या पिशवीतल्या कोबीकडे बघायचे.

शेवटी पालिकेला फोन लावला.
कानाशी त्यांचं थांबा-थांबा संगीत,
आणि खिडकीतून दिसले वालेन्ती:
सपाता घालून बर्फात उभे,
बॉनेटवर हात,
घोड्याचा ताप बघावा तसा.

फोन ठेवला. खाली गेले.
“चालूच होत नाही,” म्हणाले.
“मग सांगायचं ना!”
“चिठ्ठीत विचारलं नव्हतं.”

खरंच नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरची ल्युडमिवा आली, तिचा मुलगा आला.
चौघांनी खांदा दिला.
चाकं आधी कुरकुरली, मग निघाली
पार कुंपणापर्यंत.
तिथे वालेन्तींनी टोपी काढली,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून
माझ्या सगळ्या चिठ्ठ्या,
नीट घडी घातलेल्या.

मागे माझं दार मोकळं.
कुलूप मात्र गंजलेलं.
तेल त्यांनीच आणलं.