बेणं

खुलताबादला, जैतुनबीच्या आवारात,
दोन कबरींमधल्या खडकाळ पट्टीत
राखाडी झाक असलेली पानं उभी होती, पात्यांसारखी.
मी वहीत लिहिलं: आयरिस, पांढरा, मार्चचा दुसरा आठवडा.
ती म्हणाली, सोसन.

कुठून आला?
तिनं हात नुसता मागे उडवला, टेकडीपलीकडे.
सासूनं बीदरहून. सासूच्या खालानं गुलबर्ग्याहून, गाठोड्यात.
त्याआधी कुणी एक फकीर, त्याआधी जहाज,
त्याआधी अल्ला जाने.

पुस्तकं येमेनचं नाव घेतात.
तिथून म्हणे थेट स्पेनपर्यंत गेला,
आणि जिथे गेला तिथे
कुणाच्या तरी उशाशी थांबला.

मी चार मार्च पाहिले. फूल येतं,
तिसऱ्या दिवशी ओल्या टीपकागदासारखं गोळा होतं,
मागे बोंड नाही, दाणा नाही.
वारा याला कुठे नेत नाही,
पाखरं विचारत नाहीत.
"इसकू बीज नै लगता," जैतुनबी म्हणाली,
"हात लगता."

कॉलेजच्या नमुनापत्रावर प्रसाराचा रकाना असतो.
मी लिहिलं: कंदाने.
दोनदा खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

शेजारच्या रानात रंगनाथ घुगे आल्याचं बेणं निवडत होता.
आमचं खणणं बघून आला,
हे तर आलंच की, म्हणत एक टवका चावला, थुंकला,
मग अर्धा तास तिथून हलला नाही.
डोळे मोजले. तुकड्याला दोन तरी ठेवा म्हणाला,
कापल्या जागी राख चोळून दिली.

जैतुनबीचं एकच:
पूरा नक्को गाडू. पीठ धूप में रहने दे.
हे ती सांगत होती
नवऱ्याच्या कबरीला टेकून.

एस्टीत मांडीवर ओल्या पेपरातली पुडी.
कंडक्टरनं विचारलं, काय भाव लागलं आलं?
मी दुसराच हिशोब करत होते:
बी नाही म्हणजे पोर नाही, पिढी नाही,
म्हणजे बीदरचा, गुलबर्ग्याचा, जहाजातला
आणि हा माझ्या मांडीवरचा
एकच. तोच.
जन्मला एकदा, आणि मरायला अजून
कुणी त्याला सवड दिलेली नाही.
हात तेवढे बदलले. हात मेले.

जालन्याला माझ्या गच्चीवर तीन उन्हाळे काढले त्यानं.
पानं येतात. फूल नाही.
मे महिन्यात तीही टोकांकडून करपतात,
मी पाणी कमी घालते, कधी जास्त,
नेमकं काय चुकतं कळत नाही.

परवा लॅबमधली सतवंत, नांदेडची,
म्हणाली, मला दे ना एक.
विळी काढली. चुलीतली राख आता कुठली,
उदबत्तीची चोळली.
नाव काय याचं, तिनं विचारलं.
दोन्ही नावं एकदमच ओठांवर आली.
नाव राहू दे, म्हटलं, आधी ऐक,
पूर्ण गाडू नकोस.
पाठ उन्हात ठेव.