कोणता 'वी'

पंचावन्न मिनिटं, एक पत्र, पिवळा हायलायटर.
मिस ट्रेवेना दर मंगळवारी फळ्यावर तेच लिहितात:
तुमचं मत कुणी विचारलेलं नाही.
लेखक काय म्हणतो ते नको,
म्हणता म्हणता वाचकाला कुठे नेऊन उभं करतो
ते लिहा.

पत्र मिल्ड्यूराच्याच पेपरातलं, मागच्या गुरुवारचं.
नदीकाठचा कॅरव्हॅन पार्क हलवावा,
हंगामी मजुरांसाठी विमानतळामागे जागा पडून आहे,
असं ग्लेन हॅलोरन यांचं म्हणणं.
नाव वर्गात कुणी दोनदा वाचलं नाही.
मी वाचलं. त्यांच्या द्राक्षांच्या ओळी
जूनपासून बाबा छाटतायत.

मी रेघा मारत गेले.
'माझी मुलं याच काठावर पोहायला शिकली':
भावनेला हात.
'अंधार पडल्यावर नदीवर आता कोण जातं?':
उत्तर नको असलेला प्रश्न.
'एका केबिनमध्ये नऊ माणसं':
आकडा.
आकडा चुकला होता. आम्ही अकरा होतो,
सेलेसितिनाचं बाळ धरून.

तिसऱ्या परिच्छेदात तुंबलेलं गटार.
ते खरं होतं, तो वास मला ठाऊक होता.
मी मान डोलावली,
आणि डोलावता डोलावता लक्षात आलं
की पुढच्या वाक्यालाही डोलावतेय,
ज्या वाक्यात आम्ही नको होतो.
इतकं सफाईदार काम.
गुण माझ्या हातात असते
तर पैकीच्या पैकी दिले असते.

आणि मग 'वी'.
पत्रभर चौदा वेळा.
वी उदार, वी थकलेले, वी फक्त शांतता मागणारे.
उत्तर सगळ्या वर्गाला पाठ: समावेशक भाषा.
एक गुण.

आमच्या घरी 'वी' दोन आहेत.
किताउतोलु, ज्यात ऐकणाराही येतो,
आणि किमाउतोलु, ज्यात त्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं.
टोंगन बोलताना तोंड उघडण्याआधी
ठरवावं लागतं, समोरच्याला आत घ्यायचं की नाही.
इंग्रजीवर ही वेळच येत नाही.
तिचं दार खरोखर उघडं आहे
की भिंतीवर नुसतं रंगवलंय,
डोकं आपटेपर्यंत कळत नाही.

हेच पत्र मी आईला वाचून दाखवत होते, आमच्या भाषेत.
पहिल्याच शब्दाला अडखळले.
कांदा चिरता चिरता आई थांबली.
'कोणता?'
मी म्हटलं, तसं लिहिलेलंच नाही.
'मग त्याला विचार.'

सगळं त्यांच्याच माथी कशाला मारू?
मार्चमध्ये भाड्याच्या घरासाठी एजंटला पत्र
मीच लिहिलं होतं:
वी चौघं, शांत, रविवारी चर्चला जाणारे.
त्या 'वी'त सेलेसितिना नव्हती, बाळ नव्हतं,
दोन्ही काका नव्हते.
पाकीट सेलेसितिनानेच चिकटवलं.

शेवटची चार मिनिटं.
समावेशक भाषा, हे लिहिलंच,
आणि खाली एक ओळ:
हा शब्द कुणाला आत घेतो हे लेखक सांगत नाही,
बहुधा म्हणूनच त्याने तो निवडला.
मिस ट्रेवेनांचा शेरा, हिरव्या शाईत:
विचार चांगला. मजकुरातला पुरावा?

शनिवारी बाबांबरोबर मळ्यात गेले.
दहिवर पडलेलं, कात्री हाताला चिकटत होती.
हॅलोरन पिकअपमधून उतरले,
थर्मासमधला चहा आधी बाबांना दिला,
उरलेल्या ओळींवर नजर टाकून म्हणाले,
वी शुक्रवारच्या आत संपवायला हवं.
बाबांनी मान डोलावली.

रात्री आईला ते सांगताना
बाबा किताउतोलु म्हणाले.
सहज. जराही न अडखळता.
आईने माझ्याकडे पाहिलं.
मी कांदा चिरत होते.