अकरा नग

साखर पेठेत काउंटरवर सॅम्पल पसरले:
मरून, राखाडी, मोरपंखी.
मी म्हटलं, मळखाऊ द्या,
पंपाचं ग्रीस लागतं पोरांना.

"लोगो छापायचा की भरायचा?"
"भरा."
"पोलोला खिसा नसतो, शेठ,"
बारक्या कुजबुजला, "पुडी कुठं ठेवू?"

नरसय्या गप्प.
तीस वर्षं टॉवेलच्या मागावर गेलेली बोटं
कॉलर चोळत राहिली.
"दोन धुण्यांत मान टाकंल ही."

कापड बदललं.
नगामागं बावीस रुपये चढले,
मी कुरकुरलो, दिले.

काल गठ्ठा आला.
सगळे घालून फोटो काढत होते.
नरसय्यानं आपला उलटा केला
आणि दोऱ्यांच्या गाठींत
माझ्या दुकानाचं नाव
मागून कसं दिसतं,
तेवढं पाहिलं.