जादा सामानाची यादी

फेब्रुवारी. खाडीवर हातभर जाड बर्फ,
आणि होडी विकत घ्यायला त्या दोघी बहिणी
समुद्रावरून चालत आल्या.
ढकलायची घसरगाडी शेडला टेकवली,
उंबऱ्यावर बूट आपटले,
आणि औनेने विचारलं, कॉफी आहे ना?

मी नेहमीचं सांगितलं:
सांगाडा, डोलकाठी, दोन शिडं, सुकाणू,
एवढं किमतीत धरलंय.
बाकीचं जादा.
आणि यादी पुढे सरकवली.
त्रेचाळीस ओळी, प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन.

तीस वर्षं मी ही यादी सरकवतोय.
कुणी लग्नाचा बस्ता बांधावा तशा सगळ्यावर खुणा करतं.
कुणी करतं, खोडतं, बायकोला फोन लावतं.
एकाला साडेपाच मीटरच्या होडीत
फ्रिज हवा होता.

सैमी औषधांच्या दुकानात होती चाळीस वर्षं.
चष्मा चढवून ती बारीक अक्षर आधी वाचते.
खोली मोजायचं यंत्र?
"नको. खडक कुठे आहेत ते मला माहीत आहे."
"सगळे?" औने म्हणाली.
"ज्यांच्यावर आपण आपटलोय ते सगळे."

मऊ गाद्या नकोत. सागवानी बाक नको,
त्याला दर वर्षी तेल कोण पाजणार.
पुढचं शीड बसल्या जागी गुंडाळणारं चक्र:
इथे दोघी थांबल्या.
लाटेत नाळेवर गुडघे टेकून शीड उतरवणं
म्हणजे काय ते तिघांनाही ठाऊक.
औनेने नुसते आपले गुडघे चोळले.
मी खूण केली.

मग मोटार.
सैमीला नकोच. वाऱ्यावर जायचं तर वाऱ्यावर जायचं.
औनेला हवी. वारा पडला की
बटाटे घरी तसेच राहतात, आणि मांजरही.
वीस मिनिटं मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरं जेवू घातलेली बाई
आवाज चढवत नाही,
फक्त थांबत नाही.
शेवटी दोन वल्ही ठरली, लांब, स्प्रूस लाकडाची.
कोण जिंकलं, मला अजून कळलेलं नाही.

एकोणतिसावी ओळ. पाण्यातून वर यायची शिडी,
मागच्या फळीला, दुमडणारी.
"हिच्यावर कर," औने म्हणाली.
"पोहायला जायचंय का तुला?"
"मला नाही."
सैमीने चष्मा काढला.
"ऑक्टोबरात धक्क्यावरून तुला वर ओढताना
माझ्या हातातून दोनदा निसटलीस.
दोनदा, सैमी."
स्टोव्हमध्ये लाकूड खाली बसल्याचा आवाज आला.
किंमत दोघींपैकी कुणीच विचारली नाही.
मीही सांगितली नाही.
चार पायऱ्या असतात, मी पाच लिहिल्या.

शिडाला दुसरी घडी: हो.
वारा वाढला की शीड लहान करता आलं पाहिजे,
यावर एकमत व्हायला क्षणही लागला नाही.
होकायंत्र: नको, वडिलांचं आहे.
ते थोडं पश्चिमेला खोटं बोलतं, पण रोज तेवढंच.

शेवटची ओळ नाव रंगवायची.
दर अक्षरामागे अठरा युरो.
वडिलांच्या होडीचं नाव अकरा अक्षरी होतं,
सैमीने मनातल्या मनात गुणाकार केला
आणि तोंड वाकडं केलं.
मग पेन्सिल घेऊन तिने चौकोनात लिहिलं:
ME.
मे.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ आम्ही,
आणि आपण हाही त्याचाच.
समोरच्याला त्यात धरलंय की वगळलंय
ते शब्द सांगत नाही.
छत्तीस युरो.

होडी कधी मिळेल?
बर्फ गेला की, म्हटलं, मे महिन्यात.

त्यांनी कप विसळले, सह्या केल्या.
औने घसरगाडीवर बसली, सैमीने ढकलायला घेतली,
आणि खाडीच्या मधोमध कुठेतरी
त्या थांबल्या, जागा बदलल्या.
इतक्या लांबून पाठीवरून ओळखू येत नव्हतं
आता कोण ढकलतंय.

मी यादी पुन्हा पाहिली.
त्रेचाळीसपैकी सहा.
नफा जवळजवळ नाही.
मोटारीचा चौकोन मात्र कुणीतरी
पेन्सिलीने, अगदी फिकट,
अर्धा भरून ठेवला होता.