चारचौघं

केराबाईला अक्षर येत नाही,
पण लोकेशन येतं.
नातवानं शिकवलंय : हितं दाब, मग हिरव्या बाणावर.
रात्री पावणेअकराला माझ्या फोनमध्ये
एक लाल टाचणी टोचली गेली
झरे आणि निंबवड्याच्या मधल्या कुठल्याशा माळावर,
मागोमाग तिचा आवाज :
"बाई, मेंढी अडलीया. पाय एकच दिसतोय."

आटपाडीतून स्कूटर काढली.
डिकीत हातमोजे, दोरी, साबण, कॅल्शियमची बाटली.
हँडलला फोन, दोन रबरबँडांनी आवळलेला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच बोलावणं आलं होतं.
पत्ता होता : पडकी हीर सोडायची,
चिंचंपाशी डावं घालायचं,
मग कुणालाबी इचारा.
चिंच कधीच तोडलेली,
ती फक्त लोकांच्या बोलण्यात उभी होती.
आणि कुणालाबी म्हणजे
फाट्यावरच्या पानपट्टीपाशी बसलेली चारचौघं.
रस्ता त्यांना माहीत होता. पण आधी विचारलं,
कुणाच्यात निघाला, कुठल्या तुम्ही,
घरचे सोडतात व्हय एवढ्या रात्रीचं?
मग एकजण उठून म्हणाला, चला, दावतो.
मी स्कूटर वळवली.
त्या मेंढीचं पुढं काय झालं
मी विचारलं नाही.

आजही बसलेत. माना वर झाल्या.
फोन म्हणाला, आठशे मीटर सरळ,
आणि मी सरळ गेले.

आपण कुठं आहोत हे ठरवायला
वरही चारजण लागतात म्हणे.
वीस हजार किलोमीटरवरून चार उपग्रह
आपापल्या घड्याळातली वेळ सांगत राहतात,
त्या वेळांच्या फरकातून
माझी जागा निघते, बाभळीच्या या वळणावरची.
ते नुसतं सांगतात.
उलट विचारायची सोयच नाही त्यांच्यात.
(फोनची कंपनी ठेवत असेल नोंद. ठेवू दे.
ती मला, चला दावतो, म्हणत नाही.)

दोनशे मीटर उरले आणि समोर पाणी.
कालव्याची नवी चारी, काळी, भरून वाहणारी.
फोनच्या गावी नाही. तो म्हणतोय, सरळ जा.
मी गाडी बंद केली.
अंधारात आधी कुत्री आली, मग पलीकडून
बॅटरीचं एक गोल गोल फिरणारं वर्तुळ :
"वरल्या अंगाला फळी हाय, बाई!
गाडी ऱ्हाऊ द्या तिकडंच!"

वाघरीच्या आत मेंढी आडवी.
कोपरापर्यंत साबण लावला.
आतला नकाशा कुणी काढलेला नाही,
बोटांनीच विचारत जायचं :
हा गुडघा, ही मान, हा पाय याचाच
की मागच्याचा? म्हणजे जुळं.
दुमडलेला खूर तळहातात धरून मागं ढकलत होते
तेवढ्यात खिशातून ती शुद्ध, इस्त्रीची मराठी :
"शक्य असेल तेथे यू-टर्न घ्या."
"काय म्हणतीया ती?"
"मागं वळा म्हणतीय."
"आता कुठलं मागं!" केराबाई म्हणाली,
आणि मेंढीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं.

पहिलं आलं, शिंकलं.
दुसऱ्याला गवताच्या काडीनं नाकात डिवचावं लागलं,
बराच वेळ लागला.
मग तीन दगडांवर चहा, शेळीच्या दुधाचा,
आणि बातमी, की उद्या तळ हलणार,
खाली नदीकडं, उसाच्या रानात बसायला.

परतताना पानपट्टीला कुलूप होतं.
घरी पोचल्यावर फोननं विचारलं,
या ठिकाणाला नाव देऊन ठेवायचं का?
मी लिहिलं : केराबाई, जुळं, दोन्ही उभी.
उद्या तिथं लेंड्या आणि तीन काळे दगड.
तरी टाचणी राहील.

पहिल्या वर्षीची ती जागा
कितीदा बोटांनी मोठी करून शोधलीय.
नुसता करडा माळ दिसतो.
पडकी हीर सोडायची,
चिंचंपाशी डावं.