एक हजार

उद्यमनगरातल्या शेडची वाटणी झाली
तेव्हा भट्टी माझ्याकडं आली, लेथ उत्तमकडं.
मधे नऊ इंची भिंत.
दादांची पितळी पट्टी कुणी घ्यायची
यावर वकील तीन महिने जेवला.

कॉम्प्युटर दोन होते, म्हणून तेवढं भांडण वाचलं.
दोन्ही भंगारातून उठवलेले, दोन्हीवर लिनक्स.
पण पंपांची ड्रॉइंगं सगळी उत्तमच्या मशीनमधे,
बावीस वर्षांची,
आणि गिऱ्हाईक माझ्या दारात.

त्याची अवंती पेनड्राइव्ह मुठीत धरून
भिंतीला वळसा घालून यायची, जायची.
चौथ्या खेपेला भडकली:
"तुम्ही नका बोलू एकमेकांशी. मशीनी तरी बोलू देत."

ड्रिलनं भिंतीला भोक पाडलं, अंगठ्याएवढं.
निळी केबल ओढली.
तिकडच्या फाईलीत एकच ओळ लिहायची होती:
कुठला फोल्डर, कुणाला,
नुसता वाचायला, की लिहायलाही.
इथं ती थांबली. भिंतीकडं तोंड करून ओरडली,
"पप्पा, लिहायलाही?"
ग्राइंडर बंद झाला.
"असू दे."

वाटणी आणि वाटून घेणं,
धातू एकच. ओतकाम वेगळं.

माझ्याकडं तिनं रिकामा फोल्डर केला
आणि त्यावर त्याचा चढवला,
मोकळ्या खुंटीला दुसऱ्याचा सदरा अडकवावा तसा.
यादी उघडली. इंपेलर, केसिंग, बेअरिंग हाउसिंग.
प्रत्येकापुढं मालक म्हणून माझंच नाव:
सर्जेराव. सर्जेराव. सर्जेराव.

"हे चुकतंय गं. हे त्याचं काम."

"मशीनला नाव कळत नाही काका, नंबर कळतो.
घरातल्या पहिल्या माणसाला एक हजार.
तिकडं पप्पा एक हजार, इकडं तुम्ही.
बदलू का?"

चहा आला तेवढ्यात. राहिलं ते राहिलंच.

आता सोमवारी तो मशीन बंद करून जातो
आणि माझा फोल्डर थिजतो.
कर्सर फिरत बसतो, ना हो, ना नाही.
मी खुर्चीत. मंगळवारची वाट बघत.

परवा रात्री त्याच्या एका जुन्या ड्रॉइंगमधलं
वीसचं भोक मी बावीस केलं.
गिऱ्हाइकाचा शाफ्टच तसा होता.
सकाळी त्यानं उघडलं असणार,
खाली त्याचंच नाव.

भिंतीवर हातोडीचे दोन ठोके पडले.
शिवी होती की शाबासकी,
नऊ इंचातून कळत नाही.
मी फाईल उघडीच ठेवली.