चार शब्द

अवजाराचं नाव: वेळ_बदल.
खाली मीच लिहिलं होतं, एका शुक्रवारी,
डबा उघडता उघडता:
"रुग्णाची नेमलेली वेळ बदलते."
चार शब्द. त्यात चूक एकही नव्हती.

ठाण्याला, कोपरीच्या डायलिसिस केंद्रात
रात्री सव्वादोनला तीन नंबरचं मशीन बंद पडलं.
एजंटने यादी पाहिली, माझे चार शब्द वाचले
आणि सकाळी सहाची वेळ साडेनऊ केली.
"काम झालं" अशी नोंद ठेवली.
झालंच होतं.

हरिश्चंद्र गावंड, वय एकाहत्तर,
खारीगावहून पावणेसहाला रिक्षाने आले.
पिशवीत पातळ चादर, मोजून अर्धी बाटली पाणी.
साडेनऊपर्यंत बाकावर बसून
भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत राहिले.
भांडले नाहीत. सिस्टरला एवढंच म्हणाले,
"मना कोनी सांगलाच नाय."

महाप्याला, सातव्या मजल्यावर
सगळ्यांचं एकमत झालं: एजंट चुकला.
मी रात्रीची नोंद उघडली, पुन्हा वाचली.
निरोप_पाठव शेजारच्याच खणात पडलं होतं.
त्याने हात लावला नाही. का लावावा?
वेळ बदलली म्हणजे माणसालाही कळवलं,
हे मी गृहीत धरलं होतं, लिहिलं नव्हतं.
त्यालाही
कोणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या घरी अर्धी भाषा हनुवटीने चालते.
"ते हे दे गं, त्यातलं," आत्या म्हणते,
आणि मी बरोबर बारीक छिद्रांची किसणी देते.
तीस वर्षं लागतात एवढं कळायला.
याला दर वेळी पहिलाच दिवस.

वागळे इस्टेटला बाबा होते त्या कारखान्यात
टूलरूम काथोड म्हात्रेंकडे होती.
शिक्षण चौथी. पण खणाखणावर पत्र्याची पट्टी,
तिच्यावर पांढऱ्या रंगात:
"हा पाना ढिलं करायला. घट्ट करू नये, दात झिजलेत."
"ही कानस पितळेची. लोखंडाला लावाल तर परत आणू नका."
एका खणावर नुसतं: "रिकामा. उघडलात तर लावा."
बाबा घरी येऊन हसत सांगायचे.
पण रात्रपाळीला लागलेला नवा पोरगा,
ज्याला अजून कोणी नावाने ओळखत नव्हतं,
काथोडना न उठवता
बरोबर पाना घेऊन जायचा.

मी पुन्हा लिहिलं.
"फक्त नोंदीतली वेळ बदलते. रुग्णाला कळवत नाही.
कळवायला निरोप_पाठव वापरा;
निरोप पोचल्याचं दिसेपर्यंत काम झालं म्हणू नका.
चार तासांच्या आतली वेळ हलवण्याआधी
ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा."
शेवटी लिहिलं, "काळजीपूर्वक वापरा."
मग ते खोडलं.
कसली काळजी ते न सांगता काळजी घे म्हणणं
म्हणजे परगावी निघालेल्याला नुसतं "जपून जा" म्हणायचं
आणि एसटी कुठून सुटते ते सांगायचं नाही.

श्रीरंग म्हणाला, फार लांबलंय. थोडक्यात लिही.
म्हटलं, आधी थोडक्यातच होतं.

पुढच्या बुधवारी, रात्री एक वाजून दहा मिनिटं.
पारसिकच्या डोंगरावर एकच दिवा.
पडद्यावर एजंटचा मजकूर आला:
"गावंड यांची वेळ हलवावी लागेल. सिस्टरचा होकार आहे.
निरोप जात नाही. नोंदीतला फोन नऊ आकडी आहे.
वेळ अजून बदललेली नाही."

याच्यासाठी मी काहीच लिहिलं नव्हतं.
सिस्टरना फोन लावला. त्यांनी जाड वही काढली,
पानं उलटताना ऐकू येत होती.
शेवटचा आकडा सात होता.
तो भरला, आणि कर्सर
पाचव्या ओळीखाली नेऊन ठेवला.